ऋचाची तोंडी परीक्षा

आधीच सांगते, मी चौरस्त्यावर उतरवून टाकलेलं लिंबू ओलांडून जाणारी बाई आहे. मुद्दाम ओलांडते. या सदरात तुम्ही लिहिता ते अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि निम्म्यांना हसते — राग मानू नका. भूत, करणी, बाहेरची बाधा, यातलं काहीच माझ्या डोक्यात बसत नाही. म्हणून तर हे इतकी वर्षं घरात कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही... तो जन्मभर चिडवत बसला असता.

माझं लहानपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा माझी जी फजिती झाली ती मी विसरलेले नाही. बहुधा त्या रागापोटीच मी इंग्रजीची शिक्षिका झाले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा गुडगावात एक नवी शाळा निघाली, तिथे मला नोकरी लागली आणि आम्ही तिकडेच राहायला गेलो. सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या, रस्ते अजून व्हायचे होते आणि प्रत्येक आईबापाला आपलं मूल फाडफाड इंग्रजी बोलायला हवं होतं, तेही उद्यापासून.

आमच्या शाळेत चौथीला बाहेरून येणाऱ्या मुलांची इंग्रजीची चाचणी व्हायची. आधी लेखी, मग तोंडी. तोंडीला दोन शिक्षिका. एकीने समोर बसून छापील प्रश्न विचारायचे, दुसरीने मागे बसून गुण द्यायचे. छापील कागदाबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही. मूल नापास झालं की प्रवेश नाही, पुन्हा बसायची सोय नाही. आठ-आठ वर्षांची मुलं होती ती. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही लिहायला हवं.

मेधा आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहायला आली. मूळची नाशिकची, नवरा कारखान्यात इंजिनिअर, एकच मुलगी — ऋचा. आधी ते करोल बागेत राहायचे, त्यामुळे ऋचा तिसरीपर्यंत माझ्याच जुन्या मराठी शाळेत होती. आता तिथून दाखला काढून झाला होता. नवऱ्याने बजावलं होतं, की इथे प्रवेश मिळाला नाही तर दोघींनी नाशिकला त्याच्या आईकडे जाऊन राहायचं, तो एकटा इथे राहील. मेधा हे सांगताना हसली. सासूशी तिचं किती वाकडं होतं ते मला पुढे कळलं, पण ते हसू बघूनच मला समजायला हवं होतं.

मी तिला सल्ला दिला. चांगला मोठेपणाचा आव आणून दिला. घरात मराठी एकदम बंद कर, म्हटलं. एक शब्द चालवून घेऊ नकोस, जरा धाक ठेव.

तिने ठेवला. एका रविवारी सकाळी मी सरावाची चित्रं द्यायला खाली गेले तर दार उघडंच होतं. ऋचा स्टुलावर बसलेली, समोर मेधा. मुलगी वाक्यात अडखळली आणि मेधाने तिच्या गालावर चपराक मारली. हात आखडता घेऊन नाही, खांद्यापासून फिरवून. मुलीचं डोकं भिंतीवर आपटलं. ती रडली नाही. तिने तेच वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं. मग मला बघून तिने पाणी मागितलं, मराठीत. पुन्हा तोच गाल, पुन्हा भिंत. मेधा माझ्याकडे वळली ती घामाने डबडबलेली होती. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत तसंच करतेय. खरंच फरक पडतोय."

फरक पडत होता, तेही खरं. मी काय म्हणाले? कानावर मारू नकोस, म्हणाले. एवढंच. चहा घेतला आणि वर आले. आज हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

तोंडी परीक्षा मार्चमधल्या एका शनिवारी होती. अकराचा सुमार, स्वच्छ ऊन. मुलगी ओळखीची आहे, दुसऱ्या कोणाला बसवा, असं मी मुख्याध्यापिकांना म्हटलं होतं, पण त्या दिवशी माणसंच कमी होती. तळमजल्यावरची खोली, मोठी खिडकी. बाहेर हिरवळीवर शामियाना टाकून पालकांना बसवलं होतं. मेधा पहिल्याच रांगेत, पिवळा पंजाबी ड्रेस, मला स्पष्ट दिसत होती. खोलीत आम्ही तिघीच — टेबलापलीकडे ऋचा, अलीकडे मी, आणि तिच्या मागे भिंतीला टेकून गुण देणाऱ्या सूद मॅडम.

नाव, वय, नीट झालं. मग बाजाराचं चित्र पुढे ठेवून मी पहिला प्रश्न वाचला. ऋचाने तोंड उघडलं, अडखळली... आणि सटकन आवाज झाला. तिचं डोकं उजवीकडे फेकलं गेलं.

माझ्या दोन्ही हातांत कागद होता. सूद मॅडम चार हात लांब. तरी ऋचाच्या डाव्या गालावर माझ्यादेखत चार बोटं उमटली, आधी पांढरी आणि मग लाल. तिने मान सरळ केली आणि वाक्य पहिल्या शब्दापासून सुरू केलं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मेधा जागेवरच होती. उजवा हात मांडीवर दाबलेला, डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट आवळलेलं, मान खाली.

तिथेच थांबायला हवं होतं. मी दुसरा प्रश्न विचारला. का विचारला? कागदावर होता म्हणून. दुसरा फटका, तिसरा. चौथ्याला तिचा ओठ फुटला आणि चित्रातल्या भाजीवालीवर रक्त सांडलं. तरी ती बोलतच होती, अडखळत होती आणि मार खात होती. सूद मॅडम धावत आल्या आणि त्यांनी तिचा चेहरा आपल्या दोन्ही तळव्यांत झाकून घेतला. सहावा आणि सातवा त्या तळव्यांच्या आत बसला. "मेरे हाथ के नीचे लगा," त्या म्हणाल्या, "मेरे हाथ के नीचे..." आणि रडायला लागल्या.

मी कागद टाकला, हात मांडीवर घेतले आणि मराठीत म्हटलं, "ऋचा, बाळा, पुरे. आता काही बोलू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाई, मला घरी जायचंय."

तो आठवा. त्याच्यासारखा आधीचा एकही नव्हता. सूद मॅडमचे हात झटकले गेले, खुर्चीसकट मुलगी फरशीवर आडवी झाली आणि तिचा एक दात घरंगळत माझ्या चपलेपाशी आला.

त्यानंतर ती बोलली नाही आणि काही झालंही नाही. सूद मॅडमनी तिला मांडीवर घेऊन ओल्या रुमालाने तोंड पुसलं. मी गुणांचा तक्ता ओढला आणि सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण भरले. मॅडमनी न बघता सही केली. माझ्या नोकरीतला हा एकमेव खोटा तक्ता, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बाहेर गेले तर मेधा उठेना. तिचं मनगट तिच्याच बोटांनी काळंनिळं झालं होतं.

"ताई, मी नाही मारलं," ती म्हणाली. "आज मारायचं नाही असं ठरवून, बघा, हात धरून बसलेय. पण हाताला कळत होतं. सात वेळा."

"आठ," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "सातच. मी मोजत होते."

तेव्हा मला जाणवलं, की माझा उजवा तळवा झणझणतोय. मगाचपासून झणझणत असणार. लालबुंद झाला होता. नळाखाली धरला, बर्फ लावला, तरी संध्याकाळपर्यंत आग गेली नाही. आठवा फटका मराठी शब्दाला बसला होता, आणि मराठीची बंदी मी घातली होती. माझा हात मांडीवर होता, मी टेबलाच्या अलीकडे होते, हे मी शपथेवर सांगेन. पण मेधा खोटं बोलत नव्हती, हेही सांगेन.

पुढे एका डॉक्टर मैत्रिणीला, दुसऱ्याच कोणाचं म्हणून विचारलं. भीतीने अंगावर वळ उठू शकतात, ती म्हणाली. दात दुधाचा असेल, हलत असेल. आवाजाचं विचारलं तर तिने विषय बदलला. सूद मॅडम वर्षअखेरीला नोकरी सोडून गेल्या. त्या दिवसाबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत. मेधाने पुन्हा कधी हात उचलला नाही, असं ती सांगायची आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. माझ्यापाशी या सगळ्याचं काही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

ऋचाला प्रवेश मिळाला, मायलेकी गुडगावातच राहिल्या. चौथीला ती माझ्याच वर्गात आली आणि वर्षभर इंग्रजीत पहिली होती. मी प्रश्न विचारला की ती उभी राहायची, डोळे मिटायची, डावा गाल जरासा माझ्याकडे करायची आणि मगच उत्तर द्यायची. तिचं उत्तर कधी चुकलं नाही. मी तिच्या बाकाजवळ जाणं सोडलं, दोन्ही हात पाठीमागे धरून शिकवायला लागले. तरी ती गाल पुढे करायचीच.