उघड्या कार्डावरची नूतन

सुरतेत आमच्या डिंडोलीच्या गल्लीत लोटू महाजनांचं घर माझ्या घराला लागून. मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला. लोटूअप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, कारागीर. उमर त्या खडखडाटात गेली, म्हणून घरी बोलतानाही ओरडूनच बोलायचे. त्यांची बायको धुरपदाबाई दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. नूतन मोठी, तिच्या पाठचा धर्मेंद्र आणि शेंडेफळ वैशाली. सगळे मूळचे धरणगावकडचे.

नूतन नर्सिंग शिकली आणि ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या एका छोट्या दवाखान्यात लागली. तिथं लूमवरचा एक कारागीर टीबीनं गेला. नात्याचं कुणी आलं नाही. एका म्हाताऱ्या सिस्टरनं त्याला कोमट पाण्यानं पुसलं, केस विंचरले, शर्टाची बटणं लावली. नूतन जवळ उभी होती. ती मला नंतर म्हणाली, "काकू, नर्स म्हणून मीही ते केलं असतं. पण त्या घरच्या माणसासारखं करत होत्या. मला तसं जगायचंय."

हे तिच्या मनात बरीच वर्षं मुरलं. शेवटी तिनं घरात सांगितलं की मी ख्रिस्ती होणार आणि पुढे सिस्टर होणार. गुजरातेत धर्म बदलायचा तर कलेक्टरची परवानगी लागते. तिनं रीतसर अर्ज केला. एके दिवशी चौकशीला पोलीस गल्लीत आला, तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. त्यानं खाली मान घालून अप्पांना विचारलं, "कुणी फूस लावली का? काही देऊ केलं का?"

अप्पा काही बोलायच्या आत नूतनच पुढे झाली. "मला विचारा ना. अर्ज माझा आहे. मला कुणी काही दिलं नाही. उलट माझंच सगळं जाणार आहे, ते समोर दिसतंय."

पोलीस गेला आणि अप्पांनी दाराकडे बोट केलं. "घरमा पाय ठेवानं नही!" नूतननं आईच्या पायाला हात लावला आणि गेली. अप्पांच्या पायाला लावायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

सिस्टर होण्याआधीची शिक्षणाची वर्षं तिनं नाशिककडे काढली. तिथून तिचं पहिलं पोस्टकार्ड आलं. पत्र पाकिटात नव्हतं, साधं उघडं कार्ड होतं. त्यावर ठळक अक्षरात, 'माय आणि अप्पा यांस, साष्टांग नमस्कार.' अप्पांनी ते वाचलंही नाही. फाडून चुलीत टाकलं.

पुढच्या महिन्यात दुसरं आलं, मग तिसरं. अप्पा फाडायचे, ती लिहायची. धुरपदाबाईला वाचता येत नाही. तिनं एक युक्ती काढली. टपालवाला मगनभाई गल्लीच्या तोंडाशी दिसला की टिकल्यांचं ताट बाजूला सारून ती त्याला दारातच अडवायची. "वाची दे भाऊ." मगनभाईला मराठी चांगलं यायचं, पण त्याच्या तोंडी ते गुजराती होऊन जायचं. तो रस्त्यात उभा राहून मोठ्यानं वाचायचा. 'माय, इथल्या केरळच्या सिस्टर आपल्या भाकरीला कडक डोसा म्हणतात. मी रागावले नाही, दुसरी करून वाढली.' 'माय, आज दोडक्याची भाजी केली. तुझ्यासारखी झाली नाही. तू दाण्याचा कूट कधी घालतेस ते वैशालीला लिहायला सांग.' ऐकायला आम्ही बायका हात पुसत यायचो.

मग कार्ड घरात जायचं आणि अप्पा ते फाडायचे. एकदा धुरपदाबाई त्यांना म्हणाली, "फाडा. माझं ऐकून झालंय."

नूतन व्रतं घेऊन सिस्टर झाली आणि तिची नेमणूक सुरतेतच झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखाना चालवणाऱ्या कॉन्व्हेंटमध्ये. रिक्षानं आली असती तर तासाभरात घरी पोचली असती. पण बापानं उंबरा बंद केला होता, आणि बाप स्वतः उघडेपर्यंत तो ओलांडायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. लिहिणं मात्र थांबवायचं नाही, हेही ठरलेलं होतं. म्हणून एकाच शहरातून त्याच शहरात कार्डं येत राहिली.

तिथल्या मुख्य सिस्टरना ते पटेना. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तुझ्या वस्तीत ही कार्डं रस्त्यावर वाचतात म्हणे. दिवस कसे आहेत तुला माहीत आहे. उद्या कुणी म्हणेल, आपण मुद्दाम करतो. पाकिटात घालून लिही."

"सिस्टर, पाकीट चिकटवलं तर लोक म्हणतील, आत काहीतरी आहे," नूतन म्हणाली. "मी लपवण्यासारखं काही केलेलं नाही."

"आज्ञा पाळायचं व्रत घेतलंयस तू."

"घेतलंय. तुम्ही आज्ञा द्या, मी पाळीन. फक्त ती स्पष्ट शब्दांत द्या. म्हणा, नूतन, आईला उघडपणे लिहू नकोस."

मुख्य सिस्टरनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "जा, वॉर्डात काम पडलंय." ती आज्ञा त्यांनी कधीच दिली नाही.

अशात वैशालीला स्थळ आलं. मुलगा संदीप हजीऱ्याला एका कारखान्यात कंत्राटावर होता, घर इच्छापोरला, गाव अमळनेर. स्थळ आणलं धुरपदाबाईच्या भावानं, पंडितमामांनी. मुलाचे वडील गणपतराव बघायला आले. पोह्यांच्या बशा फिरल्या. गणपतरावांनी विचारलं, "मुली किती तुम्हाला?"

पंडितमामा झटकन बोलले, "हीच एक. हिच्यावरची होती, टायफॉइडनं गेली बिचारी."

अप्पांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. धर्मेंद्र मोबाइलात बघत राहिला. धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तशीच आत गेली.

त्या संध्याकाळी वैशालीनं नूतनला फोन लावला. रडत रडत म्हणाली, "ताई, त्यांनी तुला मारून टाकलं. आणि मी काही बोलले नाही गं."

नूतननं विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे."

"हे खोटं उद्या उघडं पडलं तर तो तुझ्या बाजूनं उभा राहील?"

वैशाली म्हणाली, "ते सांगता येत नाही. पण ताई, तू खरं काय ते लिही. लपवून संसार मला जमणार नाही. मी रोज घाबरत राहीन."

नूतननं गणपतरावांना काही कळवलं नाही. तिनं आपल्या घरीच लिहिलं. मगनभाईनं कार्ड हातात घेतलं, नेहमीसारखा घसा साफ केला आणि थबकला. धुरपदाबाई म्हणाली, "वाच ना." त्यानं हळू आवाजात वाचलं. 'माय, अप्पा, मी जिवंत आहे. तब्येत चांगली आहे. टायफॉइड मला कधी झाला नाही. तुमची मुलगी, नूतन लोटू महाजन.'

धुरपदाबाईनं कार्ड घडी न घालता ब्लाउजमध्ये ठेवलं. त्या दिवशी अप्पांना फाडायला काही मिळालं नाही.

लग्नाची तारीख ठरवायची बैठक आली. त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. बायका आतल्या दारापाशी, त्यात मी. सुपाऱ्या फुटायच्या बेतात होत्या, तेवढ्यात धुरपदाबाई पदर खोचून पुरुषांच्या मधोमध आली. तिनं कार्ड काढलं आणि नवऱ्या मुलापुढे धरलं. "बाबा, तू शिकेल शे. हाई वाच, मोठ्यानं."

संदीपनं वाचलं. आवाज शेवटाकडे बारीक होत गेला.

"मनी आंडेर जित्ती शे," धुरपदाबाई म्हणाली. आंडेर म्हणजे लेक. खोलीतल्या सगळ्यांना अहिराणी कळत होती, तरी कुणी कळल्यासारखं दाखवेना. "ती सिस्टर झाली. येसूचं नाव घेते, आजाऱ्यांचं करते. सोयरीक करायची तर ती आहे हे धरून करा."

पंडितमामा उठले, "अक्का, डोकं फिरलं का तुझं?" अप्पा सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी पोचले. त्यांचा हात वर गेला होता.

धुरपदाबाई हलली नाही. "मारा. मारून झाल्यावर पण ती जित्तीच राहील."

अप्पांचा हात वरच्या वर थांबला. मग ते भिंतीला टेकून बसले. गणपतराव उठले, त्यांची माणसं उठली. संदीपनं दारातून एकदा मागे वळून पाहिलं आणि बापामागून गेला. सोयरीक मोडली.

वैशालीनं कितीतरी दिवस आईशी बोलणं टाकलं. लिही असं तीच म्हणाली होती, पण मोडल्यावर दुखतं ते दुखतंच. ती सुरतेजवळच्या सचिन गावी एका एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये कामाला लागली. धुरपदाबाईनं तिची समजूत घालायच्या भानगडीत न पडता दर रविवारी डबा भरून कॉन्व्हेंटला जायला सुरुवात केली. कुठे चाललीस, असं गल्लीतल्या कुणी विचारलं की ती ऐटीत सांगायची, "पोरीकडे!" काही घरांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. ती म्हणाली, "बरं झालं, साडी वाचली."

पुढं वैशालीनं स्वतःच एक मुलगा सांगितला. महेश, तिच्याच युनिटात मशीन चालवणारा, परभणीकडचा. त्याची आई वत्सलाबाई बघायला आली तेव्हा धुरपदाबाईनं पोह्यांच्या आधी नूतनचं सांगून टाकलं. वत्सलाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "नर्स हाय न्हवं? मंग बरंय की. आमच्याकडं बी येत जा म्हणावं, माझं बीपी बघाया."

हळदीच्या दिवशी अप्पा म्हणाले, "बोलवा तिला." एवढंच. तोंड फिरवून म्हणाले, पण भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू आलं. धर्मेंद्र मोटरसायकल घेऊन गेला.

नूतन आली ती तिच्या फिक्या साडीत, गळ्यात क्रूस. पंडितमामा म्हणाले, "आजच्या दिवस तरी रंगीत नेस. आणि पाहुण्यांत मागे बस."

"मामा, ही माझी रोजची साडी आहे," ती म्हणाली. "आणि मागे बसायचं कशाला? मांडे करायचेत."

गल्लीत विटांच्या चुलीवर मांड्यांसाठी उपडं खापर तापलं होतं. नूतननं पदर खोचला, बाह्या सारल्या आणि मांडे करणाऱ्या बायकांत जाऊन बसली. पुरण भरलेला गोळा तिनं दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर टाकला. सवय मोडली होती, तरी मांडा फाटला नाही. बायकांनी हेल काढून तिला गाण्यात ओढलं. सगळी कडवी तिला आठवत होती.

अप्पा चुलीपाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी समोरासमोर. ती उठली नाही, हात पिठाचे होते. तिनं मांडा घडी करून त्यांच्यापुढे धरला.

अप्पांनी तो उलटसुलट पाहिला. "एका बाजूनं करपला," ते ओरडले.

"मग दुसऱ्या बाजूनं खायला लागा, अप्पा," नूतन तेवढ्याच जोरात म्हणाली आणि तिनं पुढचा गोळा हातावर घेतला.