बारीक रेझिस्टर

आईच्या हवेच्या गादीचा पंप बायकोने बिघडवला, असं मी आईसमोर आणि शेजारच्या भाभींसमोर बोलून बसलो. बिघडवला होता मी.

आई पडल्यापासून अंथरुणालाच आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही गादी. पंप चालू असला की तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात. त्या दुपारी जळका वास आला आणि गादी हळूहळू बसली. मी बायकोवर घसरलो. "सतत चालू ठेवतेस, जरा विसावा द्यावा की त्याला." खरं तर तो पंप सतत चालवण्यासाठीच असतो. बायकोने आईच्या पाठीखाली उशी सरकवली. ती गुरसराय गावची; परक्या माणसांसमोर नवऱ्याला उलट बोलणं तिच्या माहेरच्या रीतीत नाही. भाभीच म्हणाल्या, "भैया, मशीन है, चलेगी नहीं तो क्या करेगी?" आई म्हणाली, "याच्या वडिलांचंही असंच. घड्याळ बंद पडलं की आधी माझ्याकडे बघायचे."

नगरा भागातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मग बायको दिवसरात्र आईला कुशीवर वळवत राहिली. उशा लावायची, पाठ निरखायची, कुठे लाली दिसली की पुन्हा कूस बदलायची.

रेल्वेत माझं काम कागदांचं, पण सोल्डरिंगची हौस जुनी. सुट्टीच्या दिवशी मी पंप उघडला. सर्किट बोर्डावरचा, विजेचा प्रवाह आवरणारा एक रेझिस्टर कोळशासारखा झाला होता, खालचा बोर्डही करपला होता. त्याचे ओहम सांगणारे रंगांचे पट्टे जळून गेले होते. तरी तो किती ओहमचा हे मला वाचावं लागलं नाही, कारण तो मीच बसवलेला होता. हिवाळ्यात मूळचा जाड रेझिस्टर उडाला, तेव्हा बाजारात जायचा कंटाळा केला आणि घरच्या डब्यात सापडला तो लावला. ओहम बरोबर होते, पण अंगाने अगदी बारीक. इतकी उष्णता सोसणं त्याच्या आवाक्यातलंच नव्हतं. आणि वर मी बायकोला म्हणालो होतो, "आता वर्षानुवर्षं बघायला नको."

या वेळी बाजारात जाऊन जाड रेझिस्टर आणला. जळलेला काढला, बोर्ड खरवडून साफ केला आणि नवा थोडा उचलून बसवला, म्हणजे खालून हवा खेळेल. पंप घुमू लागला, गादी भरू लागली. भाभी बघायला आल्या आणि माझं कौतुक करू लागल्या. आईही सुरात सूर मिसळून "हुशार आहे हो माझा लेक" म्हणाली. बायको चहा घेऊन आली.

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण बायकोने आईची कूस बदलली, तेव्हा ती पाठ मला दिसली. वाळलेली, सुरकुतलेली, पण एकही जखम नसलेली. ती पाठ तिने हातांनी राखली होती.

मी कप खाली ठेवला. भाभींनाही कळावं म्हणून आधी हिंदीत सांगितलं, की मशीन मीच जाळली, चुकीचा पार्ट लावून. मग बायकोकडे वळलो.

"तुझा काही दोष नव्हता. चूक माझी होती आणि मी तुला सगळ्यांसमोर बोललो. मला माफ कर."