आत्याची बोटं

मागच्या रविवारी नेवाशाजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या दारात मी भांडले... आणि जिंकलेसुद्धा. पण त्या जिंकण्याचं पुढे काय झालं, ते सांगायला ही पोस्ट.

त्या आश्रमात माझी आत्या असते. मूळची तिसगावकडची, एकटीच, मूलबाळ नाही. पाय मोडला तेव्हा कुणाच्या घरात अडचण व्हायची नाही असं तिनेच ठरवलं. आम्ही सुप्याला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही... त्यामुळे माझा आग्रहही तोकडाच पडला.

रविवारी माझ्या लेकीचा, स्वराचा वाढदिवस होता. केक, फुगे, औक्षण सगळं घरी होतं. पण आत्याने तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली नाहीत, तर तो वाढदिवस मला अर्धाच वाटतो. माझी अलाबला तिने कायम अशीच घेतली. माझ्या लग्नात तर नवरदेवालाही सोडलं नाही, बिचारा लाजून लाल झाला होता. आणि आत्याची बोटं मोडणं म्हणजे दहाच्या दहा वाजणार... फटाक्यांची माळच.

तर आदल्या दिवसापासून स्वराला पडसं झालेलं. ताप नाही, उड्या मारणं चालू. आपल्याकडे पडसं आजारात धरतंय कोण? 'पोरगी बरी आहे ना?' असं कुणी विचारलं तर नाक पुसत पुसत आपण 'हो, एकदम बरी' म्हणतो.

दारातल्या सिस्टरांनी नेमकं हेच विचारलं. मी म्हटलं, एकदम बरी... आणि तेवढ्यात पोरगी जोरात शिंकली.

झालं. सिस्टर दार अडवूनच उभ्या राहिल्या. या थंडीत भेटायला आलेल्या कुणाकडून तरी खोकला आत आला आणि बघता बघता खोल्याखोल्यांतून फिरला, असं त्या सांगत होत्या. आत्याच्या शेजारच्या कॉटवरच्या जनाबाईंना त्यातूनच न्यूमोनिया झाला. नगरला ॲडमिट होत्या, नुकत्याच परत आल्यात. तेव्हापासून खिडक्या उघड्या ठेवायच्या, साबणाने हात धुवायचे, आणि ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने आत न येता फोनवर बोलायचं. तुमचं साधं पडसं म्हाताऱ्या छातीला पेलत नाही हो, असं त्या अगदी समजुतीने म्हणाल्या.

मला ते पटलं. पटूनही मी वाद घातला... माझा स्वभावच तसा आहे. एवढ्या लांबून आलोय, वर्षातून एकदा वाढदिवस, पाच मिनिटांत काय होतंय, सगळं बोलून झालं. खरी भीती वेगळीच होती. आत्याला वाटेल, आधी आश्रमात ठेवली आणि आता दारातूनच परत जायला लागले. हे मात्र सिस्टरांना सांगवेना.

शेवटी त्याच थकल्या. बाहेर व्हरांड्यात भेटा, मास्क लावा, पोरीला अंगाला हात लावू देऊ नका, एवढ्यावर तडजोड झाली. मी मनात म्हटलं, एकदा आत्या बाहेर आली की तिचे हात कोण धरतंय...

आत्या वॉकर ढकलत आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिला बघताच स्वराने मास्क हनुवटीवर ओढला आणि धावत सुटली. आत्याने चटकन वॉकर मध्ये आडवा घातला.

"थांब माझे बाय. तितंच थांब."

मला वाटलं, आत्या रुसली. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, नुसतं पडसं आहे तिला. बोटं मोड ना, वाढदिवस आहे."

आत्याने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले.

"वैशे, जनाचे हात लई थरथरत्यात. घास तोंडापस्तोर जात न्हाई तिचा. दोन्ही टायमाला मीच भरवते, ह्याच बोटांनी. आत्ता कुठं दवाखान्यातून माघारी आली हाय ती... पुन्यांदा गेली तर न्हाई यायची."

मघाशी दारात मला किती मुद्दे सुचत होते. आता मी नुसता स्वराचा मास्क परत नाकावर चढवला.

मी समजत होते, आत्या आमची वाट बघत बसलेली असते. तिथे तिचीही कुणी वाट बघतं, दोन वेळच्या जेवणाला, हे माझ्या गावीही नव्हतं. रडू आलं. आणि लपवत नाही, जनाबाईंचा थोडा हेवाही वाटला.

मग आत्याने तिथूनच, वॉकरच्या पलीकडून, हवेतच दोन्ही हात फिरवले. अगदी स्वराच्या गालांच्या उंचीवर, सावकाश. हात कानशिलाला नेले आणि बोटं मोडली... दहाच्या दहा वाजली. स्वरा एवढी खूश झाली की पुन्हा कर म्हणून मागे लागली.

आत जेवणाची घंटा झाली. आत्याने कुणाला हात लावला नव्हता, तरी व्हरांड्यातल्या नळावर साबणाने बोटं खसाखसा धुतली. जनाची वेळ झाली म्हणाली आणि आमचा निरोप घेऊन आत गेली. मी भांडून मिळवलेली पाच मिनिटंही तिने पूर्ण वापरली नाहीत.

निघताना सिस्टरांना सॉरी म्हटलं. नाक कोरडं झालं की खुशाल या, असं त्या हसून म्हणाल्या.

तुमचंही कुणी अशा ठिकाणी असेल, तर पडसं असताना भेटायला जाऊ नका... फोन करा. आम्ही आता रोज संध्याकाळी करतो. पण आत्या आधी जनाबाई जेवल्या का ते सांगते, आणि मगच स्वराला फोन द्यायला लावते.