ताईच्या न तुटलेल्या कांड्या

“मेल्यावर थंडी वाजते का?”

हा प्रश्न समीक्षाचा नाही हं, तिच्या मैत्रिणींचा. शाळेच्या नळापाशी मिस्बाह आणि गार्गीनं पैज लावलीय: तुझी ताई स्वप्नात आलीच, तर एवढं विचारून दाखव. समीक्षानं मान ताठ करून सांगून टाकलंय, “विचारतो की! घाबरतो का काय मी?” कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, पोरांसारख्या. आणि दहावीत गेल्यापासून तर समीक्षा कुणाच्या बापाला ऐकत नाही.

आज रविवारची दुपार. न्हाऊन आलेली, ओले केस उशीवर मोकळे, डोळे मिटू मिटू होतायत. पंख्याची घरघर हळूहळू भट्टीची घरघर होते, आणि ती बाबांच्या पिस्टन ओतायच्या शेडमध्ये उभी आहे. मुशीत वितळलेलं ॲल्युमिनियम चांदण्यासारखं डुलतंय. ते ढवळतेय प्रणोतीताई. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना डेंग्यूनं गेलेली ताई.

“समे, शेंबडे, चप्पल घाल आधी. खाली चटके बसतील.”

“ताई, तिथं थंडी वाजते का गं?”

ताई खुदकन हसते. “कुणी पढवून पाठवलं? मिस्बाहनं?”

“सांग की!”

“थंडी नाही, ऊन नाही, काही वाजतबिजत नाही. त्याचंच तर वाईट वाटतं. बस इथं. पाठ कर माझ्याकडं आणि हलू नकोस.”

समीक्षा बसते ती फुटबॉलच्या मैदानाच्या पायरीवर. मैदानात चंदेरी खेळाडू पसरलेत. ताईचा आवाज मागून येतो, मानेजवळून.

“बघ, ॲल्युमिनियममध्ये नुसतं तांबं न् मॅग्नेशियम घातलं, की गारव्यात टीम एकदम टाईट. सगळ्या मैदानभर बारीक बारीक कण, कोण घुसणार? पण इंजिन तापलं, अडीचशे अंशांपर्यंत गेलं, की हे आपापल्या जागा सोडतात आणि एकमेकांत मिसळून घोळके करतात. मधलं मैदान मोकळं. धातू मऊ पडतो.”

खरंच, खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत गोळा व्हायला लागतात.

“आणि निकेल?”

“निकेलचे डिफेंडर. कितीही तापवा, लवकर हलायचे नाहीत. शिवाय चिमूटभर झिरकोनियम. ते तर असलं आळशी, की उष्णतेतही जागचं सरकत नाही. माझी मदार सगळी त्याच्यावर होती.”

“मग जिंकलीस?”

मानेजवळचे ताईचे हात थांबतात. “मला काय माहीत? तुम्ही तोडल्याच नाहीत की.”

पायरीची फरशी गार लागते. हे घरचं देवघर. बाळकृष्णाशेजारी चार कांड्या, बोटभर जाडीच्या, प्रत्येकीत वेगळं मिश्रण. ताईनं ओतलेल्या शेवटच्या. कॉलेजच्या मशिनमध्ये तापवून, तुटेपर्यंत ताणायच्या होत्या. त्याच आठवड्यात ताप आला. तेव्हापासून आई त्यांना रोज हळदीकुंकू लावते. कॉलेजच्या सरांचा फोन आला तेव्हा बाबा म्हणाले होते, “राहू देत. तिचा हात लागलाय त्यांना.” समीक्षालाही ते पटलं होतं. कुणी नसताना ती त्या कांड्या गालाला लावते.

मागूनच हात लांबवून ताई ओढणीनं कुंकू पुसून बघते. निघत नाही.

“आईनं देवच करून टाकलं यांना,” ती पुटपुटते. “समे, ठेवायला नव्हत्या गं ओतल्या मी.”

“पण तोडल्या तर आमच्याकडं तुझं काय उरतंय?” समीक्षाचा आवाज चिरकतो.

“आकडा उरेल. कुठली किती ताण सोसून तुटली, त्याचा. माझा आकडा.”

“आणि तू चुकली असलीस तर?”

“तर चुकलीस म्हणून तोंडावर सांगा की मला!” ताई एकदम जिवंतपणी चिडायची तशी चिडते, आणि मग आवाज उतरतो. “मी गेल्यापासून कुणी माझ्याशी भांडलंसुद्धा नाही.”

समीक्षाची मान वळू पाहते. तिला ताईचं तोंड बघायचंय, एकदाच.

“वळू नकोस. झालंच आता.”

ती वळते.

पंखा. भिंत. उशीचा ओला अभ्रा. डोळे पुसून ती केसांत हात घालते, तर केस मोकळे नाहीतच. पाठीवर वेणी आहे. घट्ट, मुळाशी अजून ओलसर, ताई घालायची तशी चार पेडांची. आईला तीन पेडांचीच येते, आणि समीक्षाला तर तीही धड जमत नाही.

वेणी मुठीत धरून ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून रडते. आवाज न करता. मग उठते.

स्वयंपाकघरात आई चहा गाळतेय, बाबा पाटावर बसलेत. आईची नजर वेणीवर जाते आणि चहा कपाबाहेर सांडत राहतो.

“कुणी घातली गं?” आई कशीबशी विचारते.

समीक्षा आईच्या हातातलं भांडं काढून खाली ठेवते.

“आई, देवघरातल्या कांड्या धुऊन दे. बाबा, सरांना फोन लावा. उद्या मी शाळा बुडवून कॉलेजात जातोय, चारीच्या चारी तोडून घ्यायला. तुम्ही दोघांनीही यायचं. ताई जिंकली का हरली, ते तिला सांगायचंय.”