मारोतीकाकांची स्कूटी

मारोतीकाकाले कामचोर म्हटलं, तेव्हाच मी तोंड उघडाले पाहिजे होतं. धड नाही उघडलं. म्हणून आता सांगत बसली आहे.

काका आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या जाहिरातीच्या ऑफिसात सगळ्यात जुने. पहिले बीरगावात कारखान्यांच्या फाटकावर ब्रशनं नावं रंगवायचे, चाळिशीत कम्प्युटर शिकले. पण एक सवय काही सुटली नाही. होर्डिंग कोणाचंही असो, त्याचा नमुना छापून गल्लीतल्या समोरच्या भिंतीवर टेपनं चिकटवायचे, स्कूटी काढायचे न त्याच्यासमोरून दोनदा जायचे. जाता जाता वाचता आलं तर पास. नाही तर वर येऊन म्हणायचे, "पिंकी, शब्द कमी कर. वाचाले कोणी गाडी थांबवत नाही." माझं तर जवळजवळ रोजच पाहायचे.

मागच्या वर्षी मालकाचा पोट्टा विहंग पुण्याहून शिकून आला न त्यानं कामाले शिस्त लावली. गरज होती, खोटं काहून बोलू. कोणतं काम कोणाकडं अडकलं ते कोणालेच माहीत नसायचं, न शिव्या मले खाव्या लागायच्या. आता स्क्रीनवर प्रत्येक कामाची चिठ्ठी, ज्याचं काम त्याच्या नावावर. चिठ्ठीत शेवटी एक खाना: मदत घेतली? हो की नाही ते भरल्याशिवाय चिठ्ठी पुढं सरकतच नाही. 'हो' भरलं की आपल्या नावापुढं लाल ठिपका, म्हणजे याले एकट्यानं काम जमत नाही. महिनाभरात आम्ही सारे 'नाही' भरायले शिकलो.

मंग काकाच्या नावावर राहिलं काय? महिन्याच्या सहा चिठ्ठ्या. माझ्या एकतीस. स्कूटीवरचा वेळ तर 'कम्प्युटर बंद' म्हणून नोंदवला जायचा.

दिवाळीनंतर एक माणूस कमी करायचं ठरलं. काका खाली गेले होते तेव्हा विहंग म्हणाला, "अंकल कामचोर हो गए हैं, दिनभर घूमते रहते हैं."

"भैया, ते आमचंच काम पाहून राहिले असतात," मी कसंबसं म्हटलं.

"तो कहाँ लिखा है, दीदी? दिखा दो, मैं रोक लूँगा."

मनापासून विचारलं त्यानं, मनानं वाईट नाही तो. साऱ्यायनं माना खाली घातल्या. मीही घातली.

संध्याकाळी काकाले म्हटलं, "मी माझे सारे खाने बदलते. 'हो' भरते." एकतीसमधले बावीस कामं काकानंच सुधरवले होते.

"मंग मले ठेवतीन न तुले काढतीन," काका म्हणाले. "तुह्या घरी कमावणारं दुसरं कोण आहे?"

कोणी नाही. बाबा गेल्यापासून आई न मी. पण काकाच्या घरी तरी कोण आहे? काकू आहे, न सत्तावन्न वर्षांच्या माणसाले आता नोकरी कोण देते? हे मी बोलली नाही. राग मात्र आला. विहंगचा आला, त्या खान्याचा आला, न काकाचाही आला, की एकदा तरी जोर करून "भर" म्हणाले असते. जसं काही त्यायच्याच म्हणण्यासाठी माझे हात थांबले होते. रोज सकाळी आज भरीन म्हणून ऑफिसात यायची न संध्याकाळी तशीच घरी जायची.

काकाच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडं गोल बाजारातल्या भांड्याच्या दुकानाचं होर्डिंग होतं. काकानं नमुना चिकटवला, स्कूटीवरून दोनदा गेले, जिना चढून वर आले.

"पत्ता मोठा कर. कढई छोटी चालते."

केला मोठा. खरंच, लांबून वाचता येऊ लागलं.

चिठ्ठी पुढं सरकवाले गेली तर तो खाना आला. मदत घेतली? काका मागंच उभे होते, हेल्मेट हातात धरून. मले रडू येऊन राहिलं होतं. मी 'नाही' दाबलं.

"गेली का पुढं?" काकानं विचारलं.

"हव," मी म्हटलं.