राजाभाऊंच्या शेजारची सीट

राजाभाऊंना ‘नाही’ म्हणता येत नसे. हे मला ओळख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढची बारा वर्षं मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

राहायचं शारजात आणि नोकरी दुबईत, अशी आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची तऱ्हा. शारजात भाडं कमी, पण रोज सकाळी दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून त्याची भरपाई करायची. राजाभाऊंकडे तीन रांगांची जुनी स्टेशन वॅगन होती. ती भरायला वेळ लागला नाही. मी, कुशल, निनाद आणि आणखी दोघं. पुढे राजाभाऊंच्या शेजारी मी बसायचो, कारण मागे बसलं की मला मळमळतं, असं मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. राजाभाऊंच्या पत्नी विभावरीवहिनी दुबईतच, करामा भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनिस्ट होत्या. त्या सगळ्यांत मागच्या रांगेत, आम्हा सर्वांचे डबे मांडीवर घेऊन बसायच्या. गाडी कोणाची आहे हे तिऱ्हाइताने ओळखलंच नसतं.

१९९९च्या सप्टेंबरमध्ये वॅगनने मान टाकली. आम्ही पाचही जण राजाभाऊंना नवीन गाडी सुचवायला लागलो, अर्थात मोठी. आणि दसऱ्याला राजाभाऊ लालभडक स्पोर्ट्स कार घेऊन आले! दोन दारं, दोन सीटा, वर कापडी छप्पर. देश सोडून चाललेल्या एका इंग्रजाची नऊ वर्षं वापरलेली गाडी.

“अठरा हजार दिरहम,” राजाभाऊ म्हणाले, आणि लगेच, “म्हणजे दोन लाखांच्या वर गेली हो.”

पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या त्यांच्या मुलीने, सृष्टीने, फोनवर “बाबा, आर यू सीरियस?” एवढंच विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं. अठ्ठेचाळीस वय, डोक्यावर टक्कल, नोकरी एस्टिमेशन डिपार्टमेंटमध्ये. याला वेळेआधीच म्हातारचळ लागला, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

वहिनींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आरशाला झेंडूची माळ घातली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मीच म्हटलं यांना, अकरा वर्षं तुमची मान मागून बघत ऑफिसला जातेय, आता शेजारी बसून चार शब्द बोलत जायचंय.”

आम्ही हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

गाडीने मात्र राजाभाऊंना नाचवलं. आधी रेडिएटर गळला, मग टायमिंग बेल्ट बदलावा लागला, मग छताचं कापड उन्हाने विरलं. ते वहिनींनी जाड दोऱ्याने घरीच शिवलं. इंडस्ट्रियल एरियात राजापूरच्या हनीफचं गॅरेज होतं, तिथे राजाभाऊंचा सुट्टीचा प्रत्येक शुक्रवार जायचा. जुन्या पार्टांच्या बाजारात दुकानं पालथी घालून यायचे आणि हातातली वस्तू सोन्याची असावी तशी हनीफसमोर धरायचे. हनीफ म्हणायचा, “राजाभाऊ, ही गाडी नाय, हा दुसरा संसार आहे. यल्ला, पाना धरा!”

आम्ही आता मिनीबसने जात होतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटसाठी मी तिथेही रोज भांडायचो. पुढच्या जूनमध्ये मिनीबसचा एसी बंद पडला आणि मी राजाभाऊंना लिफ्टपाशी गाठलं.

“फक्त आठवडाभर.”

“हो हो, या की,” राजाभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

वहिनी शेअर टॅक्सीने जाऊ लागल्या. आठवड्याचे दोन महिने झाले. राजाभाऊ गाडीत फारसं बोलत नसत. ट्रॅफिकचं टेन्शन असेल, असं मी धरून चाललो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी माझ्या बाजूचं दार उघडेना. “लॉक गेलंय,” राजाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. “पार्ट मिळत नाहीये. मिळेल, इन्शाल्ला.”

दुसऱ्या दिवसापासून ते अर्धा तास आधी निघायला लागले. मी पुन्हा मिनीबसमध्ये. ऑक्टोबर उजाडला तरी दार बंदच, तेव्हा माझं डोकं फिरलं. हा हनीफ करतो तरी काय, म्हणून मीच गॅरेजवर जाऊन धडकलो.

“पार्ट नाय?” हनीफने खण ओढला. “हा काय! दोन महिने पडलाय. राजाभाऊच म्हणाले, लावू नको.”

“मग वहिनी कशा जातात?”

“भाबी त्यांच्याच बाजूने शिरतात. गियर ओलांडून, साडी सावरत. दोघं काय हसतात म्हणून सांगू!” हनीफने पार्ट फडक्याने पुसला. “पण आता मुल्किया, गाडीचं रजिस्ट्रेशन, रिन्यू करायचाय. दार उघडलं नाय तर गाडी पास होणार नाय, खलास. आज लावतोच.”

मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. एका माणसाला मला नकार देता येत नाही, म्हणून त्याच्या सेहेचाळीस वर्षांच्या बायकोने रोज गियर ओलांडायचा! रात्रभर मी कूस बदलत होतो.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शनिवारी सकाळी मी बॅग घेऊन खाली हजर झालो. गाडी पास झाली होती. मी दार ओढलं, ते अलगद उघडलं. मागून येणाऱ्या वहिनी थबकल्या आणि पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, “बसा भावजी. मी जाईन टॅक्सीने.”

राजाभाऊंच्या टकलावर घाम डवरला. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“नाही,” ते म्हणाले. पहिल्यांदा ते मला ऐकूच आलं नाही. “नाही, मोहोळकर. ही सीट विभाची आहे.”

मी बाजूला झालो आणि वहिनींसाठी दार धरून उभा राहिलो. त्या बसल्या, पदर आत घेतला, आणि मी दार लावलं.

मिनीबसमध्ये सगळ्यांत मागची सीट तेवढी रिकामी होती. दुबईपर्यंत दीड तास लागला आणि मला जराही मळमळलं नाही.