चुकीच्या हॉलातली मंगलाष्टकं

रिटायर झाल्यावर पहिले काही महिने मी घराला शिस्त लावत होतो. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम बदलला, चपलांची जागा बदलली आणि सकाळी माझा पेपर वाचून होईपर्यंत मिक्सर लावायचा नाही असा नियम काढला. बायकोने थोडे दिवस सोसलं. मग एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तारनाक्याच्या ऑफिसात तुम्ही एवढी वर्षं काढलीत, तिथे तुम्हाला कुणी मारलं कसं नाही?"

मुलगा बंगळूरला आयटीत, आम्ही दोघं इथे हैदराबादेत. तो दर रविवारी फोनवर सांगायचा, "बाबा, तुम्हाला लाइफमध्ये पर्पज पाहिजे." नुसतं सांगून थांबायचा नाही, व्हिडिओ पाठवायचा. त्यातला एक दाढीवाला समुद्राकडे बघत म्हणे, रोज सकाळी स्वतःला विचारा, मी कशासाठी आहे? मी विचारलं. उत्तर येईना. म्हणून बायकोला विचारलं, "मी कशासाठी आहे गं?"

"आत्ता? कोथिंबीर आणायला."

तरी मी प्रयत्नांत कसूर केली नाही. ध्यानाच्या वर्गाला गेलो, तिथे घोरलो. हास्यक्लबात गेलो, तर तिथली माणसं इतकी गंभीरपणे हसत होती की मला खरंच हसू आलं, आणि प्रमुखांनी मला शिस्त पाळायला सांगितलं. बरकतपुऱ्याच्या बागेत बाकावर बसून जीवनाच्या अर्थाचा विचार करायला लागलो की शेजारी कुणीतरी येऊन गुडघ्यांविषयी बोलायचं. मी नाद सोडला.

अशात ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आलं. हॉल आमच्या नल्लकुंट्यातच. तिथे दोन फंक्शन हॉल अगदी भिंतीला भिंत लावून आहेत, आणि त्या दिवशी मुहूर्त चांगला असल्यामुळे दोन्हीकडे लग्न. बायकोला फाटकाशी उतरवून मी स्कूटर लावायला गेलो. परत आलो तो सरळ पहिल्या दाराने आत.

दारात अंगावर गुलाबपाणी उडवलं. एका मुलाने मला खुर्चीत बसवून डोक्याला फेटा बांधला. दुसऱ्याने हातात बदामदूध दिलं. सहकाऱ्याने बराच खर्च केलाय, असं मनात आलं. बायको कुठे दिसेना, ऑफिसातलं एकही तोंड दिसेना. अर्धा ग्लास संपल्यावर स्टेजमागच्या फुलांतली नावं वाचली आणि कळलं की हे लग्न आपलं नव्हे.

उठावं की आधी दूध संपवावं, या विचारात होतो. तेवढ्यात भरजरी साडीतल्या एक बाई माइक घेऊन खुर्च्यांच्या रांगांतून धावत आल्या. त्या नवरीची मावशी, हे नंतर कळलं.

"इथं मराठी नीट वाचता येणारं कोणी आहे का हो?"

स्टेजवर अंतरपाट धरलेला, भटजी घड्याळाकडे बघतायत, आणि मंगलाष्टकं म्हणणारे मुलाचे काका विमानतळाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले. नवरीची चुलत बहीण इंग्रजी अक्षरांतली मंगलाष्टकं फोनवर बघून म्हणत होती. 'वधूवरां'चं तिने 'वाढू वारा' केलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी खरोखरच पंख्याकडे पाहिलं.

मी जामबागच्या मराठी शाळेत शिकलो. आमचे मास्तर वृत्तं कानाने शिकवायचे. म्हणजे आमच्या कानाने. गुरू अक्षर आलं की पिळायचे, लघू आलं की सोडायचे. शार्दूलविक्रीडित, म्हणजे मंगलाष्टकांचं वृत्त, माझ्या डाव्या कानात अजून आहे. त्याचा पुढे कधीच उपयोग झाला नव्हता. मी उभा राहिलो. फेटा होताच.

"मला येतं," मी म्हणालो.

"मुलाकडचे ना तुम्ही?" मावशी म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मला दंडाला धरून वर चढवलं.

मुलीकडचे लोक आमच्यासारखेच, जुन्या हैदराबाद संस्थानातली शेती सोडून इथे नोकरी-व्यापारात रुळलेले. मुलाकडचे पुण्याचे. दोन्हीकडचे मला समोरच्यांचा पाहुणा समजून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. पाठ असलेली दोन कडवी मी खड्या आवाजात म्हटली. भटजींनी हाताने खूण केली, अजून वेळ आहे, चालू द्या. माझ्याकडचा माल संपला होता. मग मी तिथल्या तिथे रचायला लागलो.

"आले ते परके, नव्हेत परके, झाले जुने सोयरे," मी लांबवत म्हटलं. हे कुणाविषयी आहे ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. लोकांनी माना डोलावल्या. त्यामुळे चेव चढला, आणि नवरीकडे बघून पुढची ओळ आली, "राणी तू घरची, परंतु पतिला भांडी सदा घासु दे!"

अंतरपाटाच्या एका बाजूने खुदकन आवाज आला. बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली.

आणि दारात माझी बायको उभी होती. शेजारच्या हॉलात सहकाऱ्याच्या बायकोशी ती बोलत बसलेली असताना भिंतीपलीकडच्या स्पीकरवर तिला ओळखीचा आवाज आला होता. "पहिल्या ओळीला वाटलं भास होतोय," ती नंतर म्हणाली. "पण भांड्यांचं आल्यावर खात्री पटली. घरी एक कपसुद्धा विसळत नाही हा माणूस."

पंगतीत नवरीचे वडील माझ्या एका बाजूला आणि नवऱ्याचे वडील दुसऱ्या बाजूला बसले. नवरीचे वडील व्याह्यांना म्हणाले, "तुमच्याकडे अजून असे गाणारे आहेत, नशीबवान आहात." नवऱ्याचे वडील म्हणाले, "आमच्याकडे? अहो, हे तुमचेच ना?" दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात बागारा बैंगनमधलं अख्खं वांगं होतं. समोर बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "हे शेजारच्या हॉलातले आहेत. जेवण झालं की घेऊन जाते."

नवऱ्याच्या वडिलांनी माझ्या फेट्याकडे पाहिलं. मग नवरीचे वडील असे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी मला पुन्हा वाढायला लावलं आणि माझा नंबर घेतला.

तेव्हापासून फोन यायला लागले. गावात मराठी घरं पुष्कळ, आणि मराठी वाचणारी पोरं कमी. मुलांना बोलता येतं, तेही निम्मं दखनी हिंदीत आणि निम्मं तेलुगूत. मी आधी नवरा-नवरीला भेटतो, चहा पितो आणि त्यांच्या भावंडांकडून चहाड्या काढून घेतो. नवरा उशिरा उठतो, नवरीला स्कूटर वळवता येत नाही, असलं सगळं वृत्तात बसवतो. भावंडांनाही एकेक कडवं शिकवतो. एका मुलीने माझी ओळ तेलुगू लिपीत उतरवून घेतली आणि ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक न करता म्हटली. मी मात्र कुणाचेही कान पिळत नाही. पिळावेसे वाटतात, ते वेगळं.

मुलगा खूश झाला. "बाबा, हेच तुमचं पर्पज!" मी हो म्हटलं, कारण त्याने व्हिडिओ थांबवावेत अशी माझी इच्छा होती. मला स्वतःला तो शब्द अजून अवघडच वाटतो. एवढं मात्र खरं, की आता सकाळी उठल्यावर मी कशासाठी आहे असं विचारायला सुचतच नाही. डोक्यात कुठलीतरी अर्धी ओळ अडकलेली असते, शेवटची अक्षरं सापडत नाहीत, आणि त्या नादात कोथिंबिरीच्या जागी मी पालक आणतो.

गेल्या मोसमात तारनाक्याला एक लग्न झालं. नवरा मराठी, नवरी तेलुगू. मी हौसेने एक ओळ तेलुगूत रचली, त्याच वृत्तात. अंतरपाट धरलेला, मी ओळ म्हटली, आणि शेजारी उभे असलेले नवरीचे आजोबा एकदम पुढे आले. त्यांच्याकडेही हेच वृत्त आहे, हे मला माहीत होतं. त्याचे कायदे आमच्यापेक्षा कडक आहेत, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे यती म्हणजे ओळीत थांबायची जागा; त्यांच्याकडे एक ठरावीक अक्षर ओळीच्या पहिल्या अक्षराशी जुळावं लागतं, त्याला यती म्हणतात, हे नंतर कळलं.

"यती चुकली," ते म्हणाले.

"कुठे चुकली?"

"तेराव्या अक्षरावर. आणि आधीच्या ओळीशी दुसऱ्या अक्षराचा प्रास कुठे आहे?"

त्यांच्या तेलुगूत आणि माझ्या मराठीत सुरू झालेला वाद लवकरच दोघांच्या हैदराबादी हिंदीवर आला. भटजी, आईवडील, फोटोवाला, सगळे बघत राहिले. आजोबांचा आवाज फार चढला तेव्हा मी घाईने त्यांना आवरायला गेलो, "अजी सावधान, माइक चालू है!"

सगळा हॉल त्या एकाच शब्दाची वाट बघत बसला होता. अक्षतांचा पाऊस पडला, बँड वाजायला लागला, दचकून एका मामाने अंतरपाट सोडला आणि नवरीने तत्परतेने हार घालून टाकला. भटजींनी घड्याळ पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि मुहूर्तात बसतंय म्हणून मान डोलावली.

आजोबांनी भुवईवरचे तांदूळ झटकले आणि माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "वो सब ठीक है जी. मगर यती तो गलत इच है."